आगरवेळवरून जाणारा रस्ता

आकुर्डी
११ जानेवारी १९८१

विलास,

जय भीम. घाबरू नकोस, पाकीट बंद आहे. कार्डावर भागलं असतं, पण आगरवेळचा पोस्टमन ओसरीवर टेकून लोकांची कार्डं वाचतो असं तूच एकदा कळवलं होतंस. पाकिटावर तुझं नवं आडनावही घातलं आहे. आकुर्डीकर. गॅझेटात छापून घेतलंस तेव्हा मला वाटलं होतं, पोराला गावाची ओढ आहे. नंतर कळलं, गाव तेवढं उचललंस, गावातली माणसं जागच्या जागी ठेवलीस. आम्ही इथे अजून गमरेच आहोत.

काम सांगते. तुझ्या भावाची मुलगी प्रभा आता एकोणीस वर्षांची झाली. औषधाच्या गोळ्यांच्या कंपनीत पॅकिंगला आहे. तिच्यासकट तिथल्या चौघीजणी सायकलवर समुद्र बघायला निघाल्या आहेत. कुणाकडे जायला म्हणून नाही, बघायलाच. काय खूळ आहे मला कळत नाही. मी त्या किनाऱ्यावर जन्मले, लग्न होईपर्यंत तो माझ्या डोळ्यासमोर होता, कुणी तो मुद्दाम बघायला आलं नाही. पण ह्यांना तो हवा आहे, तोही चालत्या सायकलवरून, उजव्या हाताला, सारखा दिसत राहिला पाहिजे.

त्यांनी रस्ता आखला तो शाळेच्या नकाशावरून. पनवेल, पेण, माणगाव, म्हणजे गोव्याचा हमरस्ता. का, तर नकाशात ती रेघ जाड आहे. मी म्हटलं, जाड आहे ती ट्रकांनी जाड झाली आहे, आणि त्या रस्त्यावरून समुद्र दिसायला माडावर चढावं लागेल. तुझा भाऊ साहेबराव मुंबई रस्त्यावर सेकंड शिफ्टला जाताना सायकलसकट ट्रकखाली गेला ते ह्या मुलीला सांगायला नको, ती तेव्हा रांगत होती तरी. दुसरी कुणी पोर असती तर मी एवढं अडवलं नसतं. हिला ट्रकच्या रस्त्यावर मी जिवंत असेपर्यंत पाठवणार नाही.

तेव्हा रस्ता मीच सांगितला. अलिबागपर्यंत एसटी, सायकली टपावर. तिथून चौल, रेवदंडा, खाडीला तर, म्हणजे होडी आहे, पलीकडे कोर्लई, काशीद, मुरूड. राजपुरीला लाँच धरायची ती दिघीला उतरवते. मग किनाऱ्याकिनाऱ्याने खाली श्रीवर्धनपर्यंत, आणि तिथून एसटीने घरी. माझा बाप तराळ होता, कचेरीचे कागद डोक्यावर घेऊन ह्याच वाटांनी फिरायचा, आणि आईविना पोर म्हणून मला बरोबर घ्यायचा. आता तिथे डांबर पडलं असेल, पण वाट मेली तरी जागा सोडत नाही.

दिघीहून खाली येताना संध्याकाळ होते ती तुझ्या आगरवेळला. तिथे लॉज नाही, धर्मशाळा नाही. चौघींना एक रात्र तुझ्या ओसरीवर पडू दे. जेवण बरोबर आहे, तुझ्या बायकोला चूल पेटवायला नको.

आणखी एक आहे ते सांगून टाकते, नाहीतर तू म्हणशील आईने लपवलं. प्रभाला बापाचा चेहरा आठवत नाही. फोटो आहे तो कंपनीच्या गेटवरचा, उन्हाने सगळ्यांची तोंडं आकसलेली, त्यात साहेबराव कुठला ते मलाही बोट ठेवून दाखवावं लागतं. लहानपणी ती विचारायची, बाबा कसे दिसायचे. मी म्हणायचे, तुझ्या काकासारखे. नाक तेच, चालणं तेच, हसताना एक डोळा बारीक होतो तो तोच. तू शेवटचा आलास तेव्हा ती पाच वर्षांची होती, पलंगाखाली लपून बसलेली. तिने तुझे पाय बघितले.

तेव्हा समुद्र तिला बघायचा आहे ते खरं. पण रस्ता तुझ्या दारावरून जातो म्हटल्यावर तिने जो कान टवकारला, तो समुद्रासाठी नव्हता.

उलट टपाली कळव.

तुझी आई


आकुर्डी
२३ जानेवारी १९८१

विलास,

तुझं पत्र पोचलं. अक्षर अजून छान आहे. ते अक्षर घडावं म्हणून साहेबराव ओव्हरटाइम करायचा आणि तू कंदिलाजवळ बसून पित्त झालं म्हणायचास.

तू नाही म्हटलं असतंस तर मी दोन दिवस चिडले असते आणि गप्प बसले असते. पण तू हो म्हटलंस, आणि त्या 'हो'ला जी शेपटी लावलीस ती वाचून माझ्या हातातला चहा निवला. म्हणजे मुलींनी यावं. पण प्रभाने काका म्हणू नये, साहेब म्हणावं. कंपनीतल्या कुणा ओळखीच्याची मुलगी असं सांगावं. जय भीम तोंडातून जाऊ नये. आडनाव विचारलं तर विषय बदलावा. सुमनला म्हणजे तुझ्या बायकोला काही माहीत नाही, तिच्या माहेरच्यांना तर नाहीच, घर तिच्या मामाच्या वाडीतलं, मुलगा शाळेत जातो, आणि मी समजून घ्यावं.

समजलं. मी दुसरी इयत्ता शिकले, तीही शाळेच्या पडवीत, बाहेर बसून. तुझ्याएवढं शिकले असते तर कदाचित समजलं नसतं. तू तिथे कोण म्हणून राहतोस ते मला आधीपासून माहीत आहे रे. नोकरी लागताना जातीचा दाखला चालला, तो आता फायलीत झोपला आहे, आणि तू त्याच्यावर पांघरूण घालून बाहेर माणसांत बसतोस. बस. मी कधी आले तिथे उठवायला? चौदा वर्षांत आले? तुझ्या लग्नाची खबर मला आपल्या आळीतल्या ज्ञानदेवाने दिली, तो बदलीवर तिकडे होता म्हणून. मी शेजारी पेढे वाटले आणि सांगितलं, रजा मिळत नाही म्हणून पोरगा येऊ शकला नाही.

प्रभाला तुझं पत्र अजून दाखवलेलं नाही. तिला वाटतंय काकाने होकार दिला. परवापासून सायकलीच्या चाकाला काय काय लावते आहे. तिच्या बरोबरची यमुना म्हणून पुनावळ्याच्या शेतकऱ्याची पोर आहे, तिची सायकल जुनी, भावाची, दांड्याची. दोघी मिळून ती उलटी करून अंगणात बसतात आणि मला रस्ता पुन्हा पुन्हा विचारतात, जशी काही मी काल जाऊन आले.

इथे दुसरंच रण माजलं होतं. मुलींनी तारीख धरली होती ती कंपनीच्या गुरुवारच्या सुट्टीला जोडून, बाराच्या सुमारास. मी कालनिर्णय उघडून बघितलं तर त्या दिवसांत अष्टमी-नवमी. अष्टमीला भर दुपारी ओहोटी. राजपुरीला लाँच चिखलात बसलेली असेल आणि ह्या चौघी सायकली खांद्यावर घेऊन गुडघाभर गाळात. मी म्हटलं, अवसेला निघा, अवस-पुनवेला दुपारी पाणी भरलेलं असतं, लाँच धक्क्याला लागते. झालं. शेजारच्या यशोदाबाई धावत आल्या, अहो भिमाबाई, अवसेला कुणी पोरी घराबाहेर काढतं का, त्यातून रस्त्यावर, त्यातून तुमच्या घरात एक गेलेला. मी म्हटलं, यशोदाबाई, माझा मुलगा गेला तेव्हा चांगली एकादशी होती. ती बाई पदर सावरून आपल्या घरी गेली. कधी नव्हे ते.

तेव्हा चार फेब्रुवारीला, बुधवारी, अवसेला निघतील. शुक्रवारी दुपारनंतर तुझ्या गावात.

तुझ्या अटीचं काय करायचं ते मी बघते.

आई


आकुर्डी
१ फेब्रुवारी १९८१

विलास,

सांगितलं तिला. सांगायचं नव्हतं. मनात होतं की रस्ताच बदलावा, काही कारण काढून तुझं गाव टाळावं. एक आख्खा दिवस मी नकाशा घेऊन बसले. आगरवेळ टाळायचं तर मुरुडाहून आत वळायचं, रोहा, माणगाव, म्हणजे परत तोच ट्रकांचा रस्ता. एका बाजूला ट्रक आणि दुसऱ्या बाजूला तू. साठीनंतर आईने असा रस्ता आखावा, हे काही कुणाच्या नशिबी येऊ नये.

प्रभा पंक्चर काढत बसली होती. मी तुझं पत्र वाचून दाखवलं, शेपटीसकट. तिने मान वर केली नाही. ट्यूब पाण्यात धरून बुडबुडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे मी त्यांना बघायचं, पण त्यांनी मला बघितलं असं व्हायला नको."

मी म्हटलं, तसंच काहीसं.

"चालेल," म्हणाली.

मला राग आला. चालेल काय, मी म्हटलं, मी पन्नास वर्षांपूर्वी तो पडवीचा धडा सोडला, तुला आता पुन्हा पडवीत बसायचंय? तर ती म्हणते, आजी, मला त्यांच्या घरात बसायचं नाही, मला एकदा चेहरा बघायचाय. बाबा जगले असते तर आता त्यांच्याच वयाचे असते. चाळिशीतले बाबा कसे दिसले असते ते मला एकदा बघू दे, मग मी काही मागणार नाही.

मी पत्राची घडी करून डब्यात ठेवली.

झोपायला मात्र ती तुझ्याकडे येणार नाही. तिचंच म्हणणं, ज्या घरात नाव गिळून बसायचं तिथे झोप लागायची नाही. मग मी दिघीच्या लाँचवरच्या खंडूला कार्ड टाकलं. त्याचा बाप माझ्या बापाला फुकट पलीकडे सोडायचा. त्याची बहीण आगरवेळच्या पुढच्या कोळीवाड्यात असते, तिथे चौघी उतरतील. त्याचं उत्तर तुझ्यापेक्षा लवकर आलं, दोन ओळींत, की पाठवा, जागा आहे, मासळी खातात ना.

तुझ्यावर आता काही ओझं नाही. चटई नको, ताट नको. फक्त शुक्रवारी दुपारी घरी राहा. किरकोळ रजा टाक, पोटात दुखतं म्हण, ते तुला जमतं. ओसरीवर ये. मुली रस्त्यावरून येतील, पाणी मागतील. पाणी कुणीही कुणाकडे मागतं, त्यात नातं उघडं पडत नाही. प्रभा साहेब म्हणेल, मी तिच्याकडून वदवून घेतलं आहे. तू तिच्याशी दोन वाक्यं बोल. कुठून आलात, कुठे चाललात, एवढंच. आणि जमलं तर जरा हस, म्हणजे तो डोळा बारीक होतो तो तिला दिसेल.

मी आजवर तुझ्याकडे काही मागितलेलं नाही. भावाच्या दहाव्याला थांब म्हणून मागितलं नाही, परीक्षा आहे म्हणालास, जा म्हटलं. हे मागते आहे. ह्यात तुझं काही जात नाही.

आई


आकुर्डी
१७ फेब्रुवारी १९८१

विलास आकुर्डीकर यांस,

मुली मागल्या सोमवारी, नऊ तारखेला, सुखरूप आल्या. काळ्या ठिक्कर पडून. प्रभाने आल्याआल्या रस्त्याचं जे सुरू केलं ते दोन दिवस चाललं होतं. काशीदला सुरूचं बन संपलं की एकदम पांढरी वाळू. कोर्लईत वाळत घातलेले बोंबील. एका उतारावर पायडल न मारता कोसभर आल्या, समुद्र सगळा वेळ उजव्या हाताला, समोरून आला तो एक बैलगाडीवाला, त्याने ह्यांना वाट दिली. ट्रक एकही नाही. राजपुरीला दुपारी पाणी धक्क्याला टेकलेलं, लाँचवाल्याने सायकली नुसत्या उचलून आत ठेवल्या. दिघी, तिथला उतार, मग एकदम श्रीवर्धन.

मध्ये काही नाही. मी विचारलं, आगरवेळ? तर म्हणाली, हो, लागलं वाटेत. आणि भांडी घासायला घेतली, जी घासलेली होती.

तेव्हा तुझं पत्र यायच्या आधीच मला कळलं होतं की काहीतरी झालं. सगळं सांगितलं ते यमुनाने, काल, आमच्या ओट्यावर बसून. तिला रडू येत होतं आणि रागही, त्यामुळे दोनदा सांगितलं. मी तुला लिहून पाठवते, कारण तू तिथे होतास, पण मला वाटतं तू ऐकत नव्हतास.

तू ओसरीवर झोपाळ्यावर होतास. रजा घेतलीस, ती एक गोष्ट केलीस. मुलींनी पाणी मागितलं. तुझी बायको हसत बाहेर आली, या पोरींनो, उन्हातून आलात, पायरीवर टेका. कुठल्या म्हणून विचारलं. यमुनाने सांगितलं, आकुर्डीच्या बाजूच्या. तिला एवढा आनंद झाला. अगं बाई, म्हणाली, आमच्यांचं आडनावच आकुर्डीकर. गूळ आणला, पेले आणले. मग नावं विचारली, विचारतात तशी. यमुना ढवळे, पुनावळ्याची. तिला पेला दिला. दोघी दुसऱ्या, त्यांना दिला. चौथा पेला प्रभापुढे धरला आणि विचारलं, तुझं गं?

मी तिच्याकडून वदवून घेतलं होतं की साहेब म्हण, विषय बदल. तिने विषय बदलला नाही. यमुना म्हणाली, ती तुझ्याकडे बघत होती, बराच वेळ, आणि तू तिच्याकडे बघत नव्हतास, पेपरात बघत होतास. मग ती सरळ म्हणाली, "प्रभावती साहेबराव गमरे."

पुढे केलेला पेला तुझ्या बायकोने मागे घेतला. भांडली नाही, ओरडली नाही. तोंडावरचं हसूसुद्धा तसंच होतं म्हणे. सवयीचंच काम. म्हणाली, तू जरा खाली अंगणात ये गं, त्या माडापाशी. आणि बाहेरची घागर आणली, आणि प्रभाला ओंजळ धरायला लावून वरून पाणी ओतलं. १९८१ साली. माझ्या बापाला ओतायचे तसं.

तू झोपाळ्यावर होतास. पायाने तो थांबवलास, एवढंच यमुनाने बघितलं.

प्रभा प्यायली. सगळं पाणी प्यायली, कोपरापर्यंत ओघळत होतं ते. पिता पिता तिची नजर वर, तुझ्या तोंडावर. तेव्हा तुझी बायको तुला म्हणाली, ह्या मुलीचा चेहरा कुठेतरी बघितल्यासारखा वाटतो हो. आणि तू बोललास. आख्ख्या दुपारात तू एवढंच बोललास.

"ह्या लोकांचे चेहरे सगळे सारखेच असतात."

यमुना बारा आणे शिकलेली आणि चार आणे शेतात वाढलेली पोर. ती मला म्हणाली, "आजी, म्या प्याला पायरीवर उपडा ठिवला. न्हाई पेले म्या. तुमची नात मातर पिली. मला कळंना ती का पिली."

मला कळतं. ती पीत होती तोवर तुझ्याकडे बघायला मिळत होतं. पाणी संपलं की निघायला लागणार होतं.

आता तुझ्या कालच्या पत्राचं. तू लिहितोस की प्रभाने आडनाव सांगायला नको होतं, ठरलं तसं वागली नाही, सुमन दोन दिवस विचारत होती की ती मुलगी तुमच्याकडे असं का बघत होती, तुला केवढा ताण झाला. आणि शेवटी लिहितोस की सुमन तशी मनाने चांगली आहे.

असेल. तिच्यावर माझा राग तुझ्यावर आहे त्याच्या निम्माही नाही. तिला घरात जे शिकवलं ते तिने केलं. तिने माझ्या नातीला अंगणात उतरवलं, आणि माझ्याच मुलाचं उष्टं ताट ती रोज उचलते, त्याच्या पोराला पदराखाली घेते, आणि तिला पत्ता नाही. त्या बाईला फसवलंस तू, विलास. आम्हाला तर नुसतं सोडलंस.

मी तिला पत्र लिहीन अशी तुला भीती वाटते आहे, ते ओळींच्या मध्ये दिसतं. नाही लिहिणार. तुझ्या पोराने काय केलं आहे कुणाचं.

आता हे शेवटचं सांगते आणि थांबते, डोळे दुखतात.

काल यमुना गेल्यावर मी प्रभाजवळ जाऊन बसले. ती तांदूळ निवडत होती. मीही मूठभर पुढे ओढले. न विचारता तीच म्हणाली, "आजी, तू लहानपणी मला चुकीचं सांगितलंस. काका बाबांसारखे नाहीत. बाबा तसे दिसतच नसणार."

दोघांना मी जन्म दिला. दोघांना न्हाऊ घातलं, दोघांचे केस कापले, अंधारात हात लावून कोण कुठला ते मला सांगता यायचं नाही, इतके तुम्ही एक होतात. नाक तेच, चाल तीच, तो डोळा तोच. तिने ओंजळीवरून जे बघितलं तो साहेबरावच होता, चाळिशीतला, झोपाळ्यावर बसलेला. तिला दुसरीकडे कुठे तो दिसणार नाही.

मी तिला म्हटलं, "नाही बाई. तो साहेबरावसारखा कधीच दिसत नव्हता. मीच वेडी, काहीतरी सांगायचे."

तिने तांदळातला खडा काढून बाहेर फेकला आणि म्हणाली, मग बरोबर.

भिमाबाई गमरे